फ्रॅकिंगचं परतीचं पाणी पुन्हा वापरायचंय: १० घनमीटर/तास स्किडमध्ये आरओ घालायचा का?

स्किडवाला_जळगाव

राम राम मंडळी. डेअरी, तेलगिरण्या आणि कापड रंगाईचे ईटीपी (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प) इथे एमआयडीसीत बांधून देतो, पण हे काम नवीन आहे. मेहसाण्याकडच्या एका तेलक्षेत्रावरून चौकशी आली आहे. विहीर फ्रॅक केल्यावर (म्हणजे दाबाने द्रव सोडून खालच्या खडकाला भेगा पाडल्यावर) जे पाणी वर परत येतं ते साठवून, साफ करून पुढच्या विहिरीच्या फ्रॅकला वापरायचं. ट्रेलरवर बसेल असा स्किड (चौकटीवर उभारलेला फिरता प्लांट) हवा, तासाला १० घनमीटर, दिवसाला २० तास.

त्यांनी दिलेला लॅब रिपोर्ट (आकडे मिग्रॅ/लिटर): पीएच ६.८, टीडीएस (विरघळलेले क्षार) ३८,४००, क्लोराइड २६,५००, कॅल्शियम १,९००, मॅग्नेशियम २४०, बेरियम १६०, स्ट्रॉन्शियम २१०, लोह ६२, बोरॉन २१, बायकार्बोनेट ४५०, सल्फेट ५ पेक्षा कमी, अमोनिया नायट्रोजन ९५, तेल-ग्रीस ८५, टीएसएस (न विरघळलेला गाळ) ३४०, सीओडी (सेंद्रिय घाणीचं माप) ९,८००. कंडक्टिव्हिटी ६४,००० मायक्रोसिमेन्स. सोडियम दिलेलं नाही.

यात जे ताजं पाणी मिसळणार ते बोअरचं, टीडीएस १,८००, सल्फेट २२०. फ्रॅकचा द्रव ग्वार जेल, बोरेट क्रॉसलिंकर (जेल घट्ट करणारं रसायन).

माझी लाइन अशी: ऑइल ट्रॅप, इक्वलायझेशन, पीएसी (गाळ जमवणारं ॲल्युमिनियमचं रसायन) आणि पॉली, ट्यूब सेटलर, सँड फिल्टर, कार्बन फिल्टर, यूएफ (बारीक गाळणारं मेंब्रेन), आरओ (मीठ काढणारं मेंब्रेन), शेवटी हायपो (क्लोरीनचं द्रावण). टाक्या एमएस इपॉक्सी, पंप एसएस ३१६, पाइप यूपीव्हीसी.

विचारायचं हे: आरओला दाब किती धरू? रिजेक्ट (आरओतून उरलेलं जास्त खारं पाणी) सीईटीपीला (सामाईक सांडपाणी प्लांटला) देता येईल का? आणि हायपोचा डोस किती?

---

खारंपाणी

भाऊ, आरओना नाद सोडी दे. का ते सांगतो, पण आधी त्या रिपोर्टकडे बघ. त्यातले दोन आकडे खोटे आहेत आणि त्या दोनांवरच तुझं निम्मं डिझाइन उभं आहे.

पहिला टीडीएस. ६४,००० गुणिले ०.६ म्हणजे ३८,४००. म्हणजे लॅबने मोजला नाही, कंडक्टिव्हिटीवरून गुणाकार करून लिहून दिला. बोअरच्या पाण्याला हा गुणाकार चालतो, एवढ्या खाऱ्या पाण्याला नाही. आयनांचा ताळा (धन आणि ऋण भार सारखे यायला हवेत) करून बघ. क्लोराइड आणि बायकार्बोनेट मिळून साधारण ७५५ मिलिइक्विव्हॅलंट येतात. कॅल्शियम, मॅग्नेशियम, बेरियम, स्ट्रॉन्शियम, लोह आणि अमोनिया मिळून १३० च्या आसपास. उरलेलं सगळं सोडियम, म्हणजे जवळपास १४,४०० मिग्रॅ/लिटर. बेरीज केली की टीडीएस ४४,००० च्या घरात जातो. बाष्पीभवन करून मोजायला सांगितलंस तरी कॅल्शियम क्लोराइड पाणी धरून ठेवतं, १८० अंशाला वाळवल्याशिवाय वजन स्थिर होत नाही. म्हणून अशा पाण्यात बेरजेचा टीडीएस जास्त भरवशाचा, आणि सोडियम मोजून घेतलं तर ताळाही जुळवता येतो.

दुसरा सीओडी. या चाचणीतलं डायक्रोमेट क्लोराइडलाही ऑक्सिडाइझ करतं, १ मिग्रॅ क्लोराइडमागे ०.२२६ मिग्रॅ सीओडी दिसतो. २६,५०० क्लोराइडचा पूर्ण हिशेब लावला तर ६,००० सीओडी निव्वळ मिठाचा निघतो. मर्क्युरिक सल्फेट घालून हे दाबतात, पण ती पद्धत क्लोराइड २,००० पर्यंतच विश्वासाची. नमुना बराच पातळ करून चाचणी केली नसेल तर ९,८०० हा आकडा फाडून टाक. टीओसी (एकूण सेंद्रिय कार्बन) करून घे.

आता आरओ. ४४,००० टीडीएसचं पाणी समुद्रापेक्षा खारं, समुद्र ३५,००० चा असतो. १,००० मिग्रॅ/लिटरमागे ऑस्मॉटिक दाब अंदाजे पाऊण बार. ४० टक्के रिकव्हरी घेतलीस तर रिजेक्ट ७३,००० वर जातो, म्हणजे नुसता ऑस्मॉटिक दाबच ५५ बार. नेहमीच्या सीवॉटर मेंब्रेनची मर्यादा ६९ ते ८३ बार. दाब बसेल कसाबसा, पण मिळेल काय? १० घनमीटरमधून ४ घनमीटर गोडं पाणी आणि गळ्यात ६ घनमीटर आणखी खारं. वर उरलेलं ग्वार, पॉलिमर आणि तेल मेंब्रेनवर बसणार ते वेगळंच.

आणि मुळात फ्रॅकवाल्याला गोडं पाणी हवंय कुठे? त्याला स्वच्छ खारं पाणी चालतं. मीठ राहू दे. गाळ, लोह, बेरियम, तेल, जिवाणू काढ. अमेरिकेत पर्मियन खोऱ्यात पुनर्वापराचं बहुतेक पाणी असंच मिठासकट वापरतात.

---

जेलवाला

वरच्याशी सहमत, पण "मीठ राहू दे" म्हणताना बोरॉन विसरू नका. स्लिकवॉटर (जेलशिवायचा पातळ द्रव) असतं तर बोरॉनने काही बिघडलं नसतं. इथे बोरेट क्रॉसलिंकर आहे, म्हणजे पाण्यात आधीपासून क्रॉसलिंकर घातल्यासारखंच झालं. ग्वार म्हणजे आपली गवारच, तिच्या बियांची पूड. ती पाण्यात आधी नीट फुगायला हवी आणि नंतर क्रॉसलिंक व्हायला हवी. पाण्यात बोरॉन असेल आणि पीएच ८.५ च्या वर असेल तर न फुगताच दाण्याला बाहेरून कवच बसतं. गाठी पडतात, ब्लेंडरची जाळी तुंबते, आणि पूड कितीही वाढवली तरी जेल दाट होत नाही.

बोरॉन काढणारं खास रेझिन मिळतं, पण ट्रेलरवर त्याचं रिजनरेशन सांभाळणं म्हणजे शेळीपेक्षा दावं महाग. सरळ मिसळ करा. १ भाग परतीचं, ३ भाग बोअरचं. बोरॉन ५ वर येतो, टीडीएस साडेबारा हजारांच्या आसपास.

मॅग्नेशियमही बघा. मिसळीनंतर परतीच्या पाण्याचंच ६० उरतं, बोअरचं त्यात मिळवा. क्रॉसलिंकसाठी पीएच ९.५ ते १० च्या वर नेला की मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड पडायला लागतं आणि तुम्ही घातलेलं कॉस्टिक खाऊन टाकतं. पृष्ठभागावर पीएच बरोबर दिसतो, खाली गरम थरात गेल्यावर उतरतो आणि जेल वेळेआधी सुटतं. बफर वाढवावा लागेल.

तिसरी गोष्ट कोणीच तपासत नाही: उरलेला ब्रेकर. मागच्या फ्रॅकमध्ये जेल तोडायला पर्सल्फेट घातलेलं असतं, त्याचा अंश परतीच्या पाण्यात राहू शकतो. त्यात तुम्ही स्किडमध्ये पेरॉक्साइड किंवा क्लोरीन घालणार. ते ऑक्सिडंट शिल्लक राहिलं तर नवं जेलही तोडणारच. आउटलेटला ओआरपी मीटर (ऑक्सिडंट शिल्लक आहे का ते दाखवणारं) लावा आणि शेवटी ते मारायला सोडियम बायसल्फाइटची सोय ठेवा.

पाणी पाठवण्याआधी प्रत्येक टाकीची चाचणी: मिसळलेल्या पाण्यात घनमीटरला ३.६ ते ४.८ किलो या दराने ग्वार, १० मिनिटं फुगू द्या, व्हिस्कोमीटरवर ३०० आरपीएमला वाचा. नळाच्या पाण्यातल्या वाचनाशी ताडा. नंतर क्रॉसलिंकर घालून भोवरा किती सेकंदांत मिटतो ते घड्याळ लावून बघा.

---

चुनाभट्टी

लाइनचा हिशेब मांडतो. १० घनमीटर/तास धरून.

बेरियम. हे काढलं नाही तर मिसळीतच घात आहे. १:३ मिसळीत बेरियम ४० येतं आणि बोअरच्या पाण्यातून सल्फेट १६५. बेरियमच्या ०.७ पट सल्फेट पुरतं, म्हणजे २८ लागतं, इथे सहापट आहे. सगळं बेरियम बॅराइट (बेरियम सल्फेट) होऊन बसणार. लिटरला ६८ मिग्रॅ, म्हणजे १,००० घनमीटर मिसळीत ६८ किलो दगड. हा दगड ॲसिडने विरघळत नाही. पर्फोरेशनमध्ये (विहिरीच्या केसिंगला पाडलेल्या भोकांत) बसला तर विहिरीचं नुकसान, पाइपमध्ये बसला तर छिन्नी-हातोडा.

म्हणून तो आपल्या टाकीत पाडायचा. सोडियम सल्फेट बेरियमच्या १.०३ पट, म्हणजे १६५ मिग्रॅ/लिटर, थोडं जास्त धरून तासाला १.९ किलो. बॅराइटचे कण फार बारीक पडतात, ट्यूब सेटलरमधून दुधासारखे वाहून जातात. दोन उपाय: ढवळत्या टाकीत २० ते ३० मिनिटं मुक्काम, आणि तळातला गाळ थोडा थोडा पुन्हा टाकीत फिरवणं. जुन्या कणांवर नवे बसतात आणि जड होतात. पीएसी आणि पॉली त्यानंतर.

लोह. ६२ मिग्रॅ लोहाला ऑक्सिजन ८.७ मिग्रॅ लागतो. एवढ्या खाऱ्या, कोमट पाण्यात तितका ऑक्सिजन एका वेळी विरघळतच नाही, त्यामुळे साध्या कॅस्केडने (पायऱ्यांवरून पाणी पाडून) भागत नाही. शिवाय हवा मारली की पाण्यातला गॅस बाहेर पडतो. हायड्रोजन पेरॉक्साइड बरं. लोहाच्या ०.३ पट, म्हणजे १९ मिग्रॅ/लिटर. ५० टक्के पेरॉक्साइडमध्ये ते तासाला ३८० ग्रॅम. सेंद्रिय पदार्थही पेरॉक्साइड खातात, तेव्हा जार टेस्टची सुरुवात दुपटीपासून करा. त्यानंतर कॉस्टिकने पीएच ८ ते ८.५.

इथे एक गोम आहे. मागच्या विहिरीच्या ॲसिड स्टेजमध्ये (विहिरीत ॲसिड सोडण्याच्या टप्प्यात) लोह धरून ठेवायला सायट्रिक ॲसिड किंवा ईडीटीए घातलेलं असेल तर पीएच ८.५ ला नेलं तरी लोह विरघळलेलंच राहतं. जार टेस्टला पाणी पिवळसर-स्वच्छ दिसतं, गाळून मोजलं तरी लोह तेवढंच. पीएसी वाढवून उपयोग नाही. पीएच ३.५ वर आणून पेरॉक्साइड द्या, तासाभराने पीएच वर न्या. यासाठी वेगळी ॲसिड टाकी लागते, म्हणून चौकशीतच विचारून घ्या की मागच्या विहिरीला ॲसिड स्टेज होती का.

गाळ (कोरडा, तासाला): टीएसएस ३.४ किलो, बॅराइट २.७, लोहाचा हायड्रॉक्साइड १.२, ॲल्युमिनियमचा ०.९. मिळून ८ किलोच्या वर. २० तासांचे १६५ किलो, ३५ टक्के घन पदार्थ असलेल्या केकमध्ये दिवसाला पावणेपाचशे किलो. फिल्टर प्रेस २०० लिटरचा घ्या, दिवसातून दोन वेळा उघडावा लागेल. लहान घेतला तर सेटलर भरून गाळ वर यायला एक पाळी पुरते.

केक कुठे टाकायचा याचा विचार आत्ताच करा. तेलाचा गाळ २०१६ च्या धोकादायक कचरा नियमांत येतो, अधिकृत टीएसडीएफलाच (धोकादायक कचऱ्याच्या केंद्राला) जातो. आणि बॅराइटबरोबर रेडियमही पडतं, दोन्ही एकाच कुळातले. पाण्यात नगण्य असलेलं रेडियम केकमध्ये एकवटतं. पहिल्याच लॉटची गॅमा चाचणी करून घ्या.

---

स्किडवाला_जळगाव

मंडळी, कमाल केलीत. आरओ, यूएफ काढले. कार्बन फिल्टरही बहुधा नको. एकाने इलेक्ट्रोकोॲग्युलेशन सुचवलंय, पीएसीऐवजी. आणि हायपोचं राहिलंच.

---

चुनाभट्टी

इलेक्ट्रोकोॲग्युलेशनने (विजेने ॲल्युमिनियमची प्लेट पाण्यात विरघळवून) काम होतं, पण हिशेब ऐका. ३० मिग्रॅ ॲल्युमिनियम हवं तर तासाला ३०० ग्रॅम प्लेट विरघळायला हवी. १ अँपिअर-तासात ०.३३५ ग्रॅम, म्हणजे एका जोडीला ८९५ अँपिअर. १० फटींची बायपोलर रचना केली तर ९० अँपिअरमध्ये भागतं असं कागदावर दिसतं. पण पाणीच इतकं वाहक की बराचसा प्रवाह प्लेटांना वळसा घालून जातो. खाऱ्या पाण्यात व्होल्ट कमी लागतात, हा एक फायदा. प्लेटवर खवला बसतो म्हणून दर काही मिनिटांनी पोलॅरिटी उलटवावी लागते.

शिवाय तासाला पावणेचारशे लिटर हायड्रोजन निघतो. झाकलेल्या ट्रेलरमध्ये. माझं मत: एवढ्या प्रवाहाला पीएसीचा ड्रम आणि डोसिंग पंप बरा.

---

खारंपाणी

हायपो विसर. अमोनिया ९५ आहे. ब्रेकपॉइंटला (अमोनिया संपून क्लोरीन शिल्लक राहू लागतं तिथे) नायट्रोजनच्या ७.६ पट क्लोरीन लागतं, म्हणजे ७२० मिग्रॅ/लिटर. १२ टक्के हायपो घनमीटरला ६ लिटर, तासाला ६० लिटर. दिवसाला १,२०० लिटर हायपो ट्रेलरवर कोण वाहणार? ब्रेकपॉइंटच्या अलीकडे थांबलास तर नुसतं क्लोरामाइन होतं, ते सावकाश मारतं.

क्लोरीन डायऑक्साइड अमोनियाशी जवळपास बोलतच नाही. लोह आणि सल्फाइड आधी काढलेलं असेल तर ५ ते १० मिग्रॅ/लिटरपासून सुरुवात कर. जागेवर बनवावा लागतो, सोडियम क्लोराइटचा साठा कोरड्या कापडापासून, तेलापासून दूर. ग्लुटाराल्डिहाइडही अमोनिया असलेल्या पाण्यात लवकर संपतं, त्याच्या भरवशावर साठवण करू नको. सल्फेट खाणारे जिवाणू राहिले तर विहिरीत हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. आणि लक्षात घे, बेरियम काढायला आपण सल्फेटच घातलंय, म्हणजे त्यांचं जेवण वाढूनच ठेवलं. सीरियल डायल्यूशनच्या बाटल्या (टप्प्याटप्प्याने पातळ करून) लावून ते जिवाणू मोज.

सीईटीपीचं उत्तर नाही असं आहे. जैविक टाक्या मीठ काढत नाहीत, नुसतं दुसऱ्याच्या पाण्यात पातळ करतात, आणि एकदम खारं पाणी गेलं तर जिवाणूच मरतात. आपल्याकडे जमिनीवरच्या तेलक्षेत्राच्या पाण्याला टीडीएस २,१००, क्लोराइड ६००, तेल-ग्रीस १० ही मर्यादा आहे. पेनसिल्व्हेनियात हे पाणी नगरपालिकांच्या प्लांटना देत होते. ब्रोमाइड तसंच नदीत जायचं, खाली पिण्याच्या पाण्याला क्लोरीन दिलं की ब्रोमिनयुक्त ट्रायहॅलोमिथेन तयार व्हायचे. २०११ मध्ये राज्याने कंपन्यांना ते थांबवायला सांगितलं, २०१६ मध्ये केंद्रीय ईपीएने (पर्यावरण संस्थेने) नियमच केला. खोल विहिरीत जिरवणं हा तिथला नेहमीचा मार्ग, पण ओक्लाहोमात त्यानेच भूकंप वाढले. सप्टेंबर २०१६ चा पॉनीचा ५.८ चा होता.

---

ठिणगी_नको

तुमच्या सामानाच्या यादीबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो.

एसएस ३१६ चा पंप २६,५०० क्लोराइडला, कोमट पाण्यात, काही महिन्यांत गॅस्केटखाली आणि वेल्डजवळ टोचल्यासारखा भोकं पडून गळेल. पंप पीपी किंवा पीव्हीडीएफ लायनिंगचे, किंवा धातूच हवा तर डुप्लेक्स २२०५. पेरॉक्साइडच्या लाइनवर तांबं, पितळ, साधं लोखंड काहीच नको. टाक्या एफआरपी, व्हिनाइल एस्टर रेझिनच्या. एमएस इपॉक्सीला ट्रेलरच्या हादऱ्यांनी एक तडा गेला की आतून पोखरतं.

पाइप: यूपीव्हीसी नको. पाण्याबरोबर कंडेन्सेट (हलकं तेल) येतं, त्याने ते नरम पडतं, आणि परतीचं पाणी ५० अंशांचंही येऊ शकतं. जळगावात राहून एचडीपीई सोडून दुसरीकडे कशाला बघायचं? फक्त ४० अंशांना त्याची दाबक्षमता पाऊणच धरा, आणि कंडेन्सेटने तेही थोडं फुगतं, म्हणून ऑइल सेपरेटरच्या आधीचा भाग तेल सोसणाऱ्या (नायट्राइल) रबर लायनिंगच्या लोखंडात घ्या.

आता मुख्य. हे रंगाईचं पाणी नाही. त्यात मिथेन आणि हलकं हायड्रोकार्बन विरघळलेलं असतं. तुमचा ऑइल ट्रॅप उघडा आहे ना? झाकणाचा करा, व्हेंट ट्रेलरच्या छतापेक्षा बराच वर, टोकाला फ्लेम अरेस्टर. सेपरेटर आणि इक्वलायझेशनजवळचे सगळे मोटर, फिटिंग, स्विच फ्लेमप्रूफ. कंट्रोल पॅनल ट्रेलरच्या दुसऱ्या टोकाला. हायड्रोजन सल्फाइडचा डिटेक्टर जमिनीलगत, मिथेनचा छताखाली. उलटे बसवलेले बरेच दिसतात.

---

केळीबाग_रावेर

माझा वेगळाच प्रश्न. एवढं साफ केल्यावर हे पाणी केळीला ड्रिपने देता येईल का? उन्हाळ्यात पाण्याची मारामार असते.

---

खारंपाणी

नाही नाना. हेक्टरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १०,००० लिटर. या पाण्यातून तेवढ्यात ४४० किलो मीठ रानात जाईल. केळी क्षाराला नाजूक, पानांच्या कडा करपतात. आणि काळ्या भारी जमिनीत सोडियम बसलं की ती चोपण होते. पाणी मुरत नाही, वाळली की दगड. बोरॉन २१ तर कुठल्याच पिकाला झेपणारा नाही. हे पाणी तेलक्षेत्रातून तेलक्षेत्रातच फिरावं.

---

स्किडवाला_जळगाव

नवी लाइन: झाकणाचा ऑइल सेपरेटर, इक्वलायझेशन, पेरॉक्साइड, सोडियम सल्फेटची ढवळ टाकी (गाळ फिरवून), कॉस्टिकने पीएच ८.५, पीएसी, पॉली, ट्यूब सेटलर, वॉलनट शेल फिल्टर (अक्रोडाच्या टरफलांचा), क्लोरीन डायऑक्साइड, साठवण टाकी. २०० लिटरचा फिल्टर प्रेस बाजूला. बरोबर?

---

जेलवाला

एक सुटलं. ८.५ पीएचचं पाणी तसंच साठवून पाठवलंत तर ब्लेंडरमध्ये ग्वारच्या गाठी पडणार, वर लिहिलंय तेच. फिल्टरनंतर पीएच ६.५ ते ७ वर आणा, म्हणजे क्लोरीन डायऑक्साइडच्या आधी. हायड्रोक्लोरिक ॲसिडने. सल्फ्युरिक स्वस्त पडतं म्हणून ते घालू नका, उरलेल्या स्ट्रॉन्शियमला आणि कॅल्शियमला पुन्हा सल्फेट मिळेल. आणि ॲसिडच्या डोसिंग पॉइंटनंतर किमान १० पाइप-व्यासांवर पीएच प्रोब लावा, नाहीतर कंट्रोलर सारखा वरखाली नाचत राहील.

बाकी लाइन ठीक आहे. पेरॉक्साइडचा पंप आणि इनलेट पंप इंटरलॉक करा.